रिकामा काटा

आधी काटा हलला.
पाटावर काहीच नव्हतं.
नऊ पोती फापडा उतरवून अकील हमाल बिडीला गेलेला,
आणि तीन वाजून अठरा मिनिटांनी, माझ्या समोर
सुई शून्यावरून उठली.
बारा किलो दाखवले. मग चाळीस.
मग मागे आली, शून्याच्याही मागे,
जिथे आकडे छापलेले नसतात.
कुत्रं शिरलं असेल म्हणून मी पाटाखाली वाकलो,
तसाच गुडघ्यांवर आलो.

आवाज खालून आला,
सुरतेची मालगाडी विहिरीतून जावी तसा.
पथारीवर माघाचं ऊन होतं,
उन्हात दोन एकर लाल मिरची.
कुणी गोधडी झटकावी तशी एकदा उचलली गेली
आणि परत बसली.
बाहेर एवढंच झालं.

आत, गोडाऊनमध्ये,
देठं खुडायला अकरा बायका होत्या.

पडलेली भिंत जुनी नव्हती.
गेल्या दिवाळीला हसमुखशेठनं बांधलेली,
एकेरी विटेची, बिनकॉलमची, वर गुलाबी रंग.
तेव्हा मी काही बोललो नाही.
माझं काम तोलायचं.

भिंतीमागून पोत्यांची थप्पी आली,
थप्पीवर पत्रे,
आणि मग उठली ती पूड.

नंदुरबारात मिरचीला कुणी खोकत नाही,
पाळण्यातच सवय होते.
त्या दिवशी सगळा बाजार खोकत होता.
पोलीस खोकत आले. शाळेचा जिना उतरल्याची बातमी
एक पोरगा खोकत सांगून गेला,
पाण्याची टाकी चिरल्याची दुसरा.
रडतंय कोण आणि झोंबलंय कुणाला
हे ओळखायची सोय राहिली नाही.
शेठचे डोळे सुजले होते.
कशानं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सातजणी आपल्या पायांनी निघाल्या.
दोघींना पत्र्यावर निजवून नेलं.
सुपडाबाईवर पोतं टाकलं,
त्यावर माझ्याच हातचा शिक्का, सत्तावीस किलो नक्त.
हिशेबात एक भरत नव्हती.
रेहमीबाई वळवी, धडगावकडची,
सगळ्यांत कमी बोलणारी.

अंधारात जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.
तोंडात ओले रुमाल कोंबून
पन्नास माणसं खोकला दाबून उभी.
तेव्हा ढिगाच्या पोटातून
शिंक आली.
एक. थांबून, लागोपाठ चार.
कामाला निघताना कुणी शिंकलं तर आम्ही माघारी फिरतो,
चूळ भरतो, घटकाभर बसतो.
त्या रात्री शिंकेच्या दिशेनं धावलो.

"मी आठे शे," खालून रागावलेला आवाज,
"दमानं काढा. पायवर पोतं शे."

पहाटे निघाली. केसांत देठं, भुवयांत देठं.
पाणी प्यायली, मग माझ्याकडे पाहून
तिनं विचारलं, हजेरी अर्धी लावली की पुरी?
मी पुरी म्हटलं.
रात्रीचीही लावायला हवी होती,
ते मला चार दिवसांनी सुचलं.

भाऊ तिला न्यायला आला.
म्हणाला, आमचं कुडाचं घर सुपासारखं हाललं,
एक मडकं गेलं, बाकी सगळं जागेवर.
शेठनं ऐकलं, काही बोलला नाही.
तलाठी नासाडीचे क्विंटल विचारत होता.
मी सांगितले. तोंडपाठ होते.

पथारी आता पुन्हा लाल आहे.
नव्या भिंतीला कॉलम आहेत, मी मोजले.
रेहमीबाई येते, पण आत बसत नाही,
उन्हात बसते, डोक्यावर पदर, देठांचा ढीग वाऱ्याच्या बाजूला.

आणि मी पाट झाडून
हात मागे घेतो, सुई थांबायची वाट पाहतो.
गाडीवाले ओरडतात, अरे आला की शून्यावर!
मी म्हणतो, थांबा.
अकीलही आता बिडी विझवून
सुईकडे पाहत उभा राहतो.